सह्याद्रीतल्या भटकंतीसाठी किल्ट निवडताना

सह्याद्रीत पावसाळी भटकंती करणाऱ्या प्रत्येकाला भिजलेल्या पँटचा त्रास ठाऊक असतो. कर्जत किंवा कसारा लोकलमधून उतरून तासभर चालले की कापड गुडघ्याला आणि मांडीला चिकटते, उंच पायरीवर पाय टाकताना ते मागे खेचते, आणि संध्याकाळी परतीच्या गाडीत बसेपर्यंत मांड्यांच्या आतल्या बाजू सोलवटून निघालेल्या असतात. किल्टचा विचार मी प्रथम केला तो याच कारणासाठी. स्कॉटलंडच्या डोंगराळ आणि ओल्या प्रदेशात रुजलेल्या, कमरेला गुंडाळून गुडघ्यापर्यंत येणाऱ्या या वस्त्रात दोन पायांच्या मध्ये कापड येत नाही, वारा खेळता राहतो, आणि मागच्या निऱ्यांमुळे मोठे पाऊल टाकले तरी कापडावर ताण येत नाही. हे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. डोंगरात गुरे राखणाऱ्याने धोतर गुडघ्याच्या वर खोचणे आणि कोळी बांधवाने होडीत कमरेला रुमाल गुंडाळणे यांमागेही हीच गरज होती: पाय मोकळे राहावेत आणि भिजलेले कापड लवकर वाळावे.

अडचण अशी की, किल्ट या नावाने विकला जाणारा बराचसा माल समारंभासाठी आणि बँडपथकांसाठी शिवलेला असतो. माझा पहिला किल्ट मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवला होता. तो लोकरीचा असल्याचे वर्णनात लिहिले होते, प्रत्यक्षात तो अ‍ॅक्रिलिकचा निघाला. राजमाचीच्या वाटेवर दुसऱ्याच पावसाळी फेरीत त्याच्या मागच्या दोन निऱ्या नितंबाच्या उंचीवर उसवल्या आणि चामड्याच्या पट्ट्याचे लोखंडी बकल गंजून कापडावर तांबडा डाग सोडून गेले. कापड स्वतः कुठेही फाटले नव्हते. शिलाईने आणि बकलाने दगा दिला होता. तेव्हापासून माझा निकष एकच आहे. किल्ट पूर्ण भिजल्यावर किती जड होतो, कुठे घासतो आणि कुठे उसवतो, हे पाहून तो निवडावा. कोरड्या किल्टचे रूप पाहून या गोष्टी कळत नाहीत, त्यासाठी थोडी पारख लागते. या लेखात ती पारख सविस्तर सांगितली आहे.

किल्ट कुठे नेऊ नये

आधी मर्यादा सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. दोरावरून उतरायचे किंवा कडा चढायचा असेल तर किल्ट घरी ठेवावा, कारण हार्नेसचे, म्हणजे दोराला जोडून घ्यायच्या सुरक्षापट्ट्याचे, मांडीभोवतीचे पट्टे किल्टवरून नीट बसत नाहीत. कापड पट्ट्यांखाली गोळा होते आणि बकल नीट बंद झाले आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. जिथे जीव बकलावर अवलंबून आहे तिथे ही तडजोड करू नये. पावसाळा संपल्यावर ज्या वाटांवर खाजकुयलीच्या शेंगा पिकलेल्या असतात, तिथेही उघड्या पायांनी जाणे शहाणपणाचे नाही, कारण तिची कुसे एकदा कातडीत रुतली की पुढचा सगळा दिवस वाया जातो. करवंदीच्या दाट जाळ्यांमधून, मळलेली वाट सोडून जायचे असेल तरी हीच गोष्ट लागू होते.

मळलेल्या वाटा, पायऱ्यांचे किल्ले, पठारे, नदीकाठ आणि मुक्कामाची ठिकाणे यांसाठी मात्र किल्ट उत्तम आहे. राजमाची, लोहगड, पेठ, माहुली, हरिश्चंद्रगडाची पाचनईची वाट अशा ठिकाणी मी तो निर्धास्तपणे वापरतो. हरिहरच्या खड्या पायऱ्यांवर किंवा भीमाशंकरच्या शिडी घाटात, जिथे मागून येणारा माणूस आपल्या थेट खाली असतो, तिथे आत सायकलिंगची शॉर्ट्स घालणे हा सभ्यतेचा साधा नियम आहे. तसे पाहिले तर ही शॉर्ट्स सगळीकडेच घालावी; मांड्या एकमेकींना घासण्याचा त्रास किल्टने पूर्ण जात नाही, तो आतल्या गुळगुळीत, ताणल्या जाणाऱ्या कापडाने जातो. शॉर्ट्स मांडीच्या मध्यापर्यंत पोहोचणारी आणि शिवण आतल्या बाजूला न येणारी असावी.

किल्टची रचना

किल्ट कमरेभोवती दीड फेरा गुंडाळला जातो. पुढच्या बाजूला दोन सपाट भाग एकावर एक येतात, त्यांना वरचा आणि आतला एप्रन म्हणतात. मागच्या बाजूला निऱ्या असतात. कमरेपासून नितंबाच्या सर्वांत रुंद भागापर्यंत या निऱ्या एकमेकींना शिवून टाकलेल्या असतात आणि तिथून खाली त्या मोकळ्या सुटतात. ज्या आडव्या रेषेवर शिवण संपून निरी मोकळी होते, ती रेषा नीट लक्षात ठेवावी, कारण प्रत्येक पावलाचा, प्रत्येक बैठकीचा आणि प्रत्येक उंच पायरीचा ताण तिथेच जाऊन पोहोचतो. माझा पहिला किल्ट उसवला तो याच रेषेवर.

पारंपरिक किल्टला सुमारे आठ यार्ड, म्हणजे जवळपास ७.३ मीटर लांबीची लोकरी पट्टी लागते आणि जाड कापड वापरले तर नुसत्या कापडाचेच वजन १.८ किलोच्या आसपास जाते. थंड हवेत उभे राहण्यासाठी आणि संचलनासाठी ते योग्य आहे. पण पहिल्या महायुद्धात स्कॉटलंडच्या हायलँड पलटणी खंदकांमध्ये किल्ट घालून लढल्या, तेव्हा चिखलाने जड झालेल्या आणि थंडीत गोठलेल्या काठांनी सैनिकांच्या गुडघ्यामागची कातडी सोलून निघत असे, आणि खोल निऱ्यांमध्ये उवा घर करीत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला किल्ट लढाईच्या पोशाखातून काढला गेला. आपल्याकडे बर्फ नाही, पण भिजलेला जाड काठ गुडघ्यामागच्या नाजूक कातडीवर दिवसभर घासत राहणे हा अनुभव जुलैमधल्या नाणेघाटातही तोच असतो. म्हणून आपल्यासाठी कापड कमी, वजन कमी आणि काठ पातळ असलेला किल्ट हवा.

कापड

कापडाची जाडी ग्रॅम प्रति चौरस मीटर या मापात, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत जीएसएममध्ये विचारावी. परदेशी किल्टची माहिती औंसांत दिलेली असते आणि तिथे एक खाचखळगा आहे. कॅनव्हास आणि डेनिमचे औंस चौरस यार्डामागे मोजतात. असा एक औंस म्हणजे जवळपास ३४ जीएसएम, त्यामुळे दहा औंसांचे कॅनव्हास ३४० जीएसएमचे ठरते. लोकरी टार्टनचे, म्हणजे किल्टच्या चौकटीदार कापडाचे, औंस मात्र पूर्ण पन्ह्याच्या एका यार्ड लांबीमागे सांगतात, म्हणून तिथला सोळा औंसांचा आकडा कॅनव्हासच्या सोळा औंसांशी तोलू नये. सह्याद्रीसाठी मला २०० ते २६० जीएसएम हा टप्पा योग्य वाटतो. त्याहून पातळ कापड कड्यावरच्या वाऱ्यात फडफडून वर उडते, त्याहून जाड कापड भिजल्यावर ओझे होते.

कापड कोणत्या धाग्याचे आहे, याला जाडीपेक्षाही अधिक महत्त्व आहे. नेहमीच्या हवेत सूत स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरून ठेवते, लोकर १६ टक्के, नायलॉन ४ टक्के आणि पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्यामुळे शंभर टक्के सुती कॅनव्हासचा किल्ट दुकानात हाताला कितीही दणकट लागला, तरी पावसात तो पाणी पिऊन बसतो आणि ओल्या हवेत दुसऱ्या दिवशी सकाळीही वाळलेला नसतो. सुताचा एक गुण मान्य केलाच पाहिजे: सुती धागा ओला झाल्यावर दुबळा होत नाही, उलट थोडा मजबूतच होतो. याउलट व्हिस्कोज (लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला धागा) ओले झाले की त्याची ताकद बरीच घटते. परदेशात स्वस्त किल्टसाठी पॉलिएस्टर आणि व्हिस्कोज यांचे मिश्रण सर्रास वापरले जाते. ते दिसायला लोकरीसारखे असते, घरी धुता येते आणि निऱ्या चांगल्या धरते. उन्हाळी आणि हिवाळी भटकंतीला ते चालेल. मुसळधार पावसात घसाऱ्यावर बसत उतरायचे असेल तर मी त्याच्यावर भरवसा ठेवणार नाही.

माझी पसंती पॉलिएस्टर आणि सूत यांच्या मिश्रणाला आहे, ज्यात पॉलिएस्टर ६५ टक्के आणि सूत ३५ टक्के असते. कारखान्यांतल्या कामगारांचे गणवेश ज्या जाड, तिरप्या विणीच्या कापडाचे शिवतात तेच हे कापड, आणि बाजारात ते ड्रिल किंवा ट्विल या नावाने मिळते. ते झिजत नाही, बेताचे पाणी धरते, वाऱ्यावर दोन-तीन तासांत वाळते आणि इस्त्रीची घडी टिकवते. चौकटीची वीण असलेले रिपस्टॉप मिळाले तर त्याहून बरे, कारण काट्याने पडलेले भोक त्या चौकटीपुरतेच अडते. निव्वळ नायलॉन हलके आणि चिवट असते, पण शेकोटीची एक ठिणगी त्याला वितळवून भोक पाडते आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. मुक्कामाच्या ट्रेकला ही गोष्ट विसरू नये.

लोकरीविषयी आणखी एक शब्द. ओली लोकरसुद्धा ऊब देते, आणि हिमालयातल्या ट्रेकसाठी लोकरी किल्ट घेण्यात काही चूक नाही. मुंबईच्या दमट घरात तो वर्षातले अकरा महिने कपाटात राहिला तर मात्र त्याला कसर लागते. अ‍ॅक्रिलिकमध्ये लोकरीची ऊब नसते आणि ड्रिलचा टिकाऊपणाही नसतो. थोडे घासले की त्यावर गोळे येतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कुसळी गवतातून गेल्यावर त्यात रुतलेली कुसळे काढता काढता रात्र होते. गुळगुळीत, घट्ट विणीच्या ड्रिलवरून तीच कुसळे बऱ्याच अंशी झटकून निघतात.

दुकानात कापड पारखण्याच्या चार साध्या पद्धती आहेत. कापड उजेडासमोर धरावे. विणीत एकसारखे बारीक छिद्रांचे जाळे दिसले तर ते विरळ समजावे. कापडाचा वीतभर भाग दोन्ही अंगठ्यांनी विरुद्ध दिशांना जोरात ताणावा. धागे सरकून फट पडली तर शिलाईपाशीही तशीच फट पडणार. पांढरा ओला रुमाल जोराने घासून रंग उतरतो का ते पाहावे. आणि शक्य असल्यास दोन-चार धागे मागून घेऊन बाहेर येऊन जाळावेत: सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी बनतो, लोकरीला जळलेल्या केसांचा वास येतो. लोकर म्हणून अ‍ॅक्रिलिक गळ्यात मारणाऱ्यापासून ही शेवटची चाचणी वाचवते.

रंग मळखाऊ असावा, पण फार गडद नसावा. माथेरानच्या बाजूची तांबडी माती फिकट कापडावर कायमची बसते, आणि आग्या मोहोळाच्या माश्या गडद रंगांकडे अधिक आक्रमकपणे वळतात. खाकी, मातकट किंवा फिका ऑलिव्ह रंग दोन्ही दृष्टींनी सोयीचा आहे.

निऱ्या आणि शिलाई

निऱ्या किती असाव्यात यापेक्षा त्या किती खोल आहेत हे पाहावे. स्वस्त किल्टमध्ये कापड वाचवण्यासाठी निऱ्यांची संख्या तेवढीच ठेवून खोली एक इंचावर आणतात, त्यामुळे दिसायला किल्ट भरगच्च राहतो, पण पाऊल टाकताना तो उघडत नाही. निरी दोन बोटांनी उघडून आतली घडी मोजावी. दोन ते अडीच इंच खोलीच्या दहा-बारा निऱ्या गडकिल्ल्यांच्या गुडघाभर उंच पायऱ्यांना पुरतात. सगळ्या निऱ्या एकाच दिशेला पडणाऱ्या असाव्यात. समोरासमोर येणाऱ्या बॉक्स निऱ्या दिसायला भारदस्त असतात, पण सॅक टेकवून खडकावर बसले की त्यांच्या मध्यरेषा चुरगळतात आणि चिखल तिथेच अडकतो.

डोंगरात इस्त्री नसते. म्हणून प्रत्येक निरीच्या घडीच्या काठावर, काठापासून दोन-तीन मिलिमीटर आत, वरपासून खालपर्यंत टीप मारलेली असावी. बाहेरच्या घडीवर आणि आतल्या घडीवरही. असा किल्ट पिळून टांगला तरी निऱ्या आपोआप जागेवर येतात. समारंभी किल्टमध्ये ही टीप नसते, आणि तो पहिल्या धुण्यातच परकराच्या घेरासारखा सैल दिसू लागतो. तयार किल्ट पाहताना मी सर्वांत आधी ही टीप शोधतो. ती नसेल तर पुढे पाहतच नाही.

त्यानंतर वर सांगितलेली रेषा पाहावी. जिथे निरी मोकळी होते तिथे प्रत्येक निरीला बारटॅक, म्हणजे मागेपुढे दाट मारलेला आडवा टाका असला पाहिजे. नुसती टीप तिथे येऊन संपत असेल तर ती एक-दोन पावसाळ्यांत उसवणार हे निश्चित समजावे. किल्ट उलटा करून त्या रेषेच्या आत कापडाचा जोडपट्टा लावला आहे का, हेही पाहावे. असा दीड इंची पट्टा ताण सगळ्या निऱ्यांमध्ये वाटून देतो, आणि टिकाऊपणात त्याच्याइतका मोठा फरक दुसऱ्या कोणत्याही गोष्टीने पडत नाही, असे माझे मत आहे. धागा सुती नसून पॉलिएस्टरचा जाड धागा असावा.

खालच्या काठाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. पारंपरिक किल्टला खाली दुमड नसते. कापडाचा मूळ काठच खालच्या बाजूला येतो, आणि म्हणून तो पातळ राहतो. ही युक्ती आपल्याकडच्या कापडालाही लागू पडते, फक्त काठावर छिद्रे किंवा छपाई नसावी. दुमड घ्यावीच लागली तर अर्ध्या इंचाहून मोठी घेऊ नये. रुंद, दुहेरी दुमड म्हणजे गुडघ्यामागे घासणारी ओली दोरीच होय.

पट्टे आणि बकल यांबाबत मुंबईची हवा निर्णय सोपा करते. चामड्याला पावसाळ्यात बुरशी येते, लोखंडी बकल गंजते. नायलॉनची पट्टी आणि प्लॅस्टिकचे किंवा पितळी बकल घ्यावे. टिच बटणे असतील तर ती पितळी असावीत आणि त्यांच्यामागे कापडाचा दुहेरी थर असावा. फक्त वेल्क्रोवर बंद होणारा किल्ट मी घेणार नाही. गवताचे तुरे आणि चिखल त्यात भरला की तो पकड सोडतो. एक बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही: सॅकचा कमरेचा पट्टा नेमका किल्टच्या कमरपट्टीवर येतो. तिथे जाड बकल असेल तर दहा किलोच्या सॅकखाली ते कमरेच्या हाडात रुतते. म्हणून बकल कमरपट्टीच्या बरोबर बाजूला न येता थोडे पुढे असावे, किंवा सपाट टिच बटणांची दुहेरी रांग असावी. कमरपट्टीत बकरम, म्हणजे कडक अस्तर, घातलेले नसावे, कारण ते पाणी धरून ठेवते आणि वाळायला सर्वांत उशीर लावते.

खिशांना झाकणे असावीत, ते मांडीच्या बाजूला असावेत आणि त्यांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी एक छोटे छिद्र असावे. जड वस्तू खिशात ठेवल्या की किल्ट त्या बाजूला ओढला जातो, म्हणून खिसे मोठे असण्याचा आग्रह धरू नये.

माप

किल्टचे माप घेताना पँटचा नंबर सांगणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. पँट आपण नाभीच्या बरीच खाली घालतो आणि तिच्यावर छापलेला नंबर प्रत्यक्ष मापापेक्षा कमी असणे नेहमीचेच आहे. किल्ट कमरेच्या हाडाच्या किंचित वर, नाभीच्या आसपास बसतो. तिथे टेप गुंडाळून, श्वास न रोखता माप घ्यावे. दुसरे माप नितंबाच्या सर्वांत रुंद भागाचे, आणि तिसरे कमरेच्या त्या रेषेपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंतचे. तिसरे माप दुसऱ्या माणसाने घ्यावे, कारण आपण वाकलो की ते चुकते.

चढाईसाठी लांबी गुडघ्याच्या मध्यापेक्षा इंचभर कमी ठेवली तर उंच पायरीवर काठ गुडघ्याला अडत नाही. त्याहून आखूड करू नये. गडांवर देवळे असतात, वाटेत गावे लागतात, आणि तिथल्या माणसांना अवघडल्यासारखे वाटू नये याची काळजी आपणच घ्यायची असते. सॅकमध्ये एक हलकी लुंगी ठेवली की देवळात जाताना ती वरून नेसता येते, आणि रात्री पांघरायलाही ती उपयोगी पडते.

विकत घ्यावा की शिवून घ्यावा

परदेशातून मागवलेल्या किल्टच्या किमतीत टपालखर्च आणि आयात शुल्क यांची भर पडते, आणि माप चुकले तर परत पाठवणे जवळजवळ अशक्य होते. परदेशात मिळणाऱ्या स्वस्त किल्टचा मोठा पुरवठा पाकिस्तानातल्या सियालकोटमधून होतो. त्यांत चांगला मालही असतो, पण छायाचित्रावरून निऱ्यांची खोली आणि बारटॅक कळत नाहीत. मुंबईसारख्या कापडाच्या आणि शिवणकामाच्या शहरात राहून हा धोका पत्करण्याची गरज नाही, असे मला मनापासून वाटते.

कापडाचा हिशेब अवघड नाही. नितंबाचे माप ३८ इंच धरू. दोन्ही एप्रन प्रत्येकी १९ इंचांचे, म्हणजे ३८ इंच. मागे बारा निऱ्या, प्रत्येकीचा दिसणारा भाग दीड इंच आणि खोली अडीच इंच. घडी दुहेरी असल्याने एका निरीला साडेसहा इंच कापड लागते, म्हणजे बारा निऱ्यांना ७८ इंच. कडांच्या दुमडीसाठी आठ इंच मिळवले की एकूण पट्टी १२४ इंचांची, म्हणजे सव्वातीन मीटरच्या किंचित आत होते. किल्टची उंची २३ इंच आणि कापडाचा पन्हा ५८ इंच असेल तर ६२ इंच लांबीचे कापड मधोमध लांबीने कापावे. दोन सारख्या पट्ट्या मिळतात, दोन्हींना एकेक मूळ काठ असतो, आणि त्यांचा जोड एका निरीच्या आत लपवता येतो. शिलाईची माया, कमरपट्टी, खिसे आणि आटण्याची शक्यता धरून सव्वादोन मीटर कापड पुरते.

कापडासाठी क्रॉफर्ड मार्केटजवळचे मंगलदास मार्केट किंवा दादरचे हिंदमाता पाहावे. पट्ट्या, बकल, टिच बटणे यांसाठी भुलेश्वरच्या गल्ल्या आहेत. गणवेशाचे कापड ठेवणाऱ्या दुकानात विचारले तर तुकड्यांच्या गठ्ठ्यात दोन-अडीच मीटरचे उत्तम ड्रिल स्वस्तात सापडते. माझ्या सध्याच्या किल्टसाठी मीटरमागे २६० रुपयांचे कापड घेतले, त्याचे ५८५ रुपये झाले. पट्टी, बकल, धागा आणि बटणे यांना २४० रुपये लागले आणि शिलाईचे १,१०० रुपये दिले. एकूण १,९२५ रुपये.

शिंपी निवडताना शर्ट-पँट शिवणाऱ्यापेक्षा शाळेच्या गणवेशाचे स्कर्ट शिवणारा किंवा सॅक, बॅगा दुरुस्त करणारा कारागीर शोधावा. पहिल्याला निऱ्यांचा हिशेब कळतो, दुसऱ्याकडे जाड कापडाचे मशीन असते. दोन्ही गोष्टी एका ठिकाणी मिळाल्या तर भाग्यच. कापड देण्याआधी ते रात्रभर बादलीत भिजवून, वाळवून न्यावे, म्हणजे नंतर आटत नाही. निऱ्या आधी कच्च्या टाक्यांनी बसवून घेण्याचा आग्रह धरावा आणि त्या अवस्थेत एकदा घालून पाहावे. तेव्हाच खुर्चीवर पाय ठेवून पुढे झुकावे आणि उकिडवे बसावे. एप्रन पुढे उघडत असेल तर खालच्या बाजूला तो दीड-दोन इंचांनी रुंद करून घ्यावा. हे सगळे नीट समजावून सांगितले तर कारागीर मन लावून करतो, असा माझा अनुभव आहे. माझ्या किल्टच्या आतला जोडपट्टा शिवणाऱ्या काकांनी स्वतःहून तिरप्या कापडाचा लावला, आणि त्यांचे म्हणणे बरोबर ठरले: सरळ पट्ट्यापेक्षा तो ताणाखाली अधिक लवचिक राहतो.

भिजवून पाहणे

किल्ट हाती आल्यावर डोंगरात नेण्याआधी घरीच एक चाचणी घ्यावी. कोरड्या किल्टचे वजन करावे, तो बादलीत अर्धा तास बुडवून ठेवावा, न पिळता दहा मिनिटे टांगावा आणि पुन्हा वजन करावे. माझा जुना सुती कॅनव्हासचा किल्ट कोरडा ८२० ग्रॅमचा होता आणि भिजल्यावर १,६५० ग्रॅमचा झाला. ड्रिलचा किल्ट ५६० ग्रॅमवरून ९१० ग्रॅमवर थांबला. भिजलेले वजन किलोभरापेक्षा जास्त भरत असेल तर तो किल्ट पावसाळ्यात वापरू नये, थंडीसाठी राखून ठेवावा.

नंतर तो ओला किल्ट घालून, पाठीवर भरलेली सॅक घेऊन, इमारतीचे दहा मजले जिन्याने चढून उतरावे. गुडघ्यामागे काठ घासतो का, बकल रुतते का, कमरपट्टी खाली सरकते का, हे अर्ध्या तासात कळते. ज्या ठिकाणी कातडी लाल दिसेल तिथेच पाच तासांच्या चालीनंतर जखम होणार असते. जिना संपल्यावर किल्ट उलटा करून निऱ्या सुटतात त्या रेषेवरचा प्रत्येक टाका बोटाने तपासावा.

पायांची काळजीही याच तयारीचा भाग आहे. उघड्या पोटऱ्यांसाठी गुडघ्यापर्यंत येणारे जाड मोजे किंवा गेटर, म्हणजे पोटरीवर बांधायची कापडी आवरणे, घालावीत. भीमाशंकरसारख्या जंगलात जळवांसाठी घट्ट विणीचे मोजे लागतात. पायाला ओरखडे असतील तर परतताना मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून उघड्या पायांनी चालू नये, कारण लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच जखमांमधून शरीरात शिरतात. तसे चालावेच लागले तर पाय साबणाने धुऊन त्वरित डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

डोंगरातून आल्यावर किल्ट गार पाण्यात बुडवून चिखल विरघळू द्यावा, घासून काढू नये, कारण मातीचे कण धाग्यांना कानशीसारखे कापतात. पिळताना निऱ्यांच्या दिशेने उभा पिळावा आणि कमरपट्टीला चिमटे लावून पंख्याखाली आतली बाजू बाहेर करून टांगावा, म्हणजे आतला जोडपट्टा आधी वाळतो. दर पावसाळ्याच्या शेवटी, दिवाळीच्या साफसफाईत, तो एकदा उजेडात धरून पाहावा. एखादा बारटॅक सैल झालेला दिसला तर जाड सुई आणि पॉलिएस्टरचा दुहेरी धागा घेऊन त्याच जागी दहा-बारा आडवे टाके घालावेत. एवढे काम घरी पाच मिनिटांत होते.